दुःखाला आरोपी हवाच असतो का?

साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे एसटीतून उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे व्हॉट्सॲप संदेश त्याआधी कित्येक दिवस गावोगाव पसरले होते. या पाच जणांपैकी कुणी एका लहान मुलीशी बोलल्याचा संशय आला आणि तेवढं पुरलं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन जिवे मारलं. पाचही निरपराध होते. झोळी घेऊन दारोदार जाणं हा त्यांचा पिढीजात धर्म आणि तेच पोटाचं साधन.

या घटनेनंतर चर्चा झाली ती अफवा, मोबाइल आणि पोलिसांचं अपुरं बळ यांची. ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. खान्देश हा अहिंसा सांगणाऱ्या पंथांनी गजबजलेला मुलूख आहे. तापीकाठी मुक्ताईचं कोथळी आणि मेहूण, भडगाव तालुक्यात महानुभावांचं कनाशी, फैजपूर-सावदा पट्ट्यात सत्पंथ आणि स्वामिनारायण, व्यापारी पेठांत जैन, सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींना दारू सोडायला लावणाऱ्या गुलाम महाराजांची आप परंपरा, नंदुरबार-नवापूरकडे चर्च. माळ घातलेला किंवा दारू-मटण सोडलेला एकही माणूस नाही, असं गाव इथे शोधावं लागेल. मग जमाव पेटतो तेव्हा ही सगळी अहिंसा असते कुठे?

बहुतेक वेळा ती ताटात असते. काय खायचं नाही, काय प्यायचं नाही, कुणाच्या हातचं घ्यायचं नाही, इथवर तिचे नियम बारकाईने ठरलेले आहेत. रस्त्यावर कुणाला तरी मारायला लोक धावले, तर माळकऱ्याने नेमकं काय करायचं, कुठे उभं राहायचं, कुणाला हाक मारायची, याचा नियम कुठल्याच पंथात शिकवला जात नाही. ही उणीव वैयक्तिक धैर्याची आहे असं मी मानत नाही. ती शिकवणीची आहे आणि तिचं मूळ आपण दुःखाचा अर्थ कसा लावतो यात आहे.

अक्कलकुवा-धडगावकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हा काय होतं, ते पाहा. सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि बाप दोघेही या आजाराचे नुसते वाहक असतील तर ते स्वतः धडधाकट दिसतात, शेतात राबतात. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार पूर्णपणे होण्याची शक्यता चारात एक असते. ती प्रत्येक बाळंतपणात पुन्हा तेवढीच राहते. म्हणून एका घरात दोन-तीन मुलं लागोपाठ अंगदुखीने, कावीळ होऊन, रक्त कमी पडून, तापाने दगावतात आणि शेजारच्या घरात एकही नाही, असं घडू शकतं. आईबापांना काही झालेलं नाही, साथ नाही, साप चावलेला नाही. कारण डोळ्याला दिसतच नाही. मग भगताकडे जाऊन नाव काढलं जातं. नाव निघतं ते बहुधा एकट्या बाईचं, आणि तिच्या वाट्याची जमीन असली तर अधिकच लवकर. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याने गुन्हा नोंदवता येतो. पण ज्या आईचं तिसरं मूल गेलं तिला ‘का?’ याचं उत्तर त्या कायद्यात मिळत नाही. ते उत्तर रक्ततपासणीत मिळतं. आधी विद्राव्यता चाचणी ही प्राथमिक तपासणी, ती सकारात्मक आली तर वाहक की रोगी हे ठरवणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि लग्नाआधी दोघांनी केली तर सगळ्यात बरं.

डोंगरात डाकीण शोधतात म्हणून मैदानातल्यांनी हसू नये. आपल्याकडे मूल गेलं, कापूस बोंडअळीने गेला, कर्जापायी घरचा कर्ता गेला, की सांत्वनाला आलेला कुणीतरी म्हणतोच, ‘मागच्या जन्मीचं काही असेल.’ इथेही आरोपीच शोधला जातो. फरक इतकाच की बोट शेजारणीकडे जाण्याऐवजी जो रडतोय त्याच्याकडेच वळतं. राईनपाड्यात ते परक्या झोळीवाल्यांकडे वळलं. तिन्ही ठिकाणी घाई एकच आहे. दुःख उघडं पडलंय, त्याला ताबडतोब एक चेहरा द्यायचा.

अहिंसेवर उभ्या राहिलेल्या श्रद्धेचं पहिलं काम ही घाई रोखणं हे आहे, असं माझं ठाम मत आहे. देव दयाळू आहे तर एवढं दुःख का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कुठल्याही धर्माजवळ नाही. ज्यांच्याजवळ ते झटपट तयार असतं त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. अहिंसेचं व्रत घेतलेल्यांना मात्र या प्रश्नातून पळवाट नसते, कारण दुःख देणाऱ्याचा नायनाट करून मोकळं होण्याचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केलेला असतो. उरतं ते दुःखाशेजारी बसणं आणि काहीतरी करत राहणं. त्यांची श्रद्धा टिकते ती या करण्यातून.

आपल्याकडे याचे दाखले आहेत. मुक्ताईच्या आईबापांनी धर्ममार्तंडांच्या निवाड्यावरून देहान्त प्रायश्चित्त घेतल्याचं परंपरा सांगते. तेव्हा या भावंडांना आरोपी शोधायची गरजच नव्हती, तो समोर होता. तरीही रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकटी बहीण सांगते, की जग आग झालं तर आपण पाणी व्हायचं. ही समजूत कीर्तनात वारंवार सांगितली जाते, पण थोरल्या भावाला आवरणारी पोरगी म्हणून कौतुकाने. ती मुळात पोरक्या मुलांनी सूड न घेण्याचा घेतलेला निर्णय आहे, हे क्वचितच सांगतात. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. रणांगणावर सांगितलेला ग्रंथ, सांगणारा शस्त्र न धरणारा, ऐकणारे कैदी. अमळनेरच्या शाळेतले हेच साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं.

पण ही थोर माणसं झाली. थोर माणूस गेला की मागे पुतळा उरतो, सराव उरत नाही. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या तीन छोट्या ख्रिस्ती पंथांकडे पाहावं असं मला वाटतं. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन. त्यांचा देव, त्यांची उपासना आपली नाही आणि उसनी आणायची गरजही नाही. पाहायची आहे ती त्यांची यंत्रणा. ती माणसं तशी फार लांबचीही नव्हेत. १८९९ च्या सुमारास, छप्पनच्या दुष्काळाच्या वेळी, मेनोनाइट मदतकार्यासाठी आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आले. क्वेकरांचं काम नर्मदेकाठी होशंगाबादेत होतं. ब्रदरन वलसाडपासून डांगातल्या आहव्यापर्यंत पोचले होते, म्हणजे नवापूरच्या अगदी शिवेला.

मेनोनाइटांची सुरुवात १५२५ सालच्या झुरिकमधल्या बंडखोर गटातून झाली. तलवार हाती न धरण्याचा नियम त्यांच्यातल्या एका गटाने १५२७ मध्ये लेखी केला. त्यांच्यावर छळ आला, जाळपोळ झाली, पाण्यात बुडवून मारलं. त्या काळातली त्यांची एक आठवण डर्क विलेम्सची. १५६९ साली हॉलंडमध्ये तो तुरुंगातून पळाला. गोठलेल्या तळ्यावरून पळताना पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्कने मागे फिरून त्याला बाहेर काढलं, पुन्हा पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. इथपर्यंत ही संतकथाच आहे. पण त्या समाजाने त्यातून रोजची पद्धत बनवली. भांडण झालं तर आधी ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला एकट्याने भेटायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही तर सगळ्या मंडळीसमोर मांडायचं. कुणाचं कोठार जळलं तर विम्याची वाट न पाहता गावाने जमून ते उभं करायचं. सैन्यात भरती सक्तीची झाली की ‘बंदूक नाही, पण काम सांगा’ असं म्हणायचं आणि त्या कामाचा खर्चही स्वतः उचलायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वेगवेगळ्या पंथांच्या अशा सुमारे बारा हजार तरुणांनी जंगलातल्या आगी विझवल्या, मनोरुग्णालयांत काम केलं. त्यांतले ३६ जण १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या उपासमारीच्या प्रयोगाला स्वखुशीने सामोरे गेले. चोवीस आठवडे अर्धपोटी राहून त्यांनी साधारण चौथा हिस्सा वजन घटवलं, कारण युद्धानंतर उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं याची माहिती डॉक्टरांना हवी होती. दुःखाचा अर्थ काय, यावर वाद घालण्यापेक्षा हे मला अधिक धार्मिक वाटतं.

क्वेकरांची सभा वेगळी. पुरोहित नाही, मतदान नाही. सगळे शांत बसतात, ज्याला खरोखर सुचेल तो उठून बोलतो, सभेचा कारकून सर्वांचा कल ओळखून ठराव तिथेच लिहून वाचून दाखवतो आणि मनापासून अडणारा कुणी असेल तर विषय पुढे जात नाही. आपल्या ग्रामसभेत हे आणलं तर काय होईल, याची कल्पना करून हसू येतं. पण क्वेकरांच्या दोन मदतसंस्थांना १९४७ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं ते याच सभांतून उभ्या राहिलेल्या कामामुळे. दोन्ही महायुद्धांनंतर त्यांनी शत्रूराष्ट्रांतल्या मुलांनाही जेवू घातलं होतं.

आता या पद्धती कुठे फसतात ते. एकमत होईपर्यंत थांबणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ मोजत बसणं ठरू शकतं. गुलामगिरीविरुद्ध पेनसिल्व्हानियातल्या क्वेकरांचा पहिला लेखी निषेध १६८८ चा. गुलाम बाळगणाऱ्या सभासदाला मंडळीतून काढण्याचा नियम फिलाडेल्फियात झाला १७७६ मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं त्या पंथातल्या काहींच्या घरी गुलाम राबतच होते. मेनोनाइटांचं अपयश त्याहून लाजिरवाणं. विसाव्या शतकातला त्यांचा सर्वांत गाजलेला शांततावादी धर्मचिंतक जॉन हॉवर्ड योडर याने अनेक वर्षं स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले. पीडितांची संख्या शंभरावर असावी, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपशीलवार अभ्यासात मांडला गेला. संस्थेने दीर्घकाळ हे प्रकरण खासगीत मिटवायचा प्रयत्न केला आणि त्यासाठी वापरली ती तीच पद्धत: आधी एकट्याने भेटा, समजूत घाला, गोपनीय ठेवा. दोन समान माणसांच्या भांडणासाठी बनवलेली पायरी बलवान आणि दुबळी यांच्यात लावली की पीडितेलाच अत्याचाऱ्यासमोर एकटं उभं राहावं लागतं. आपल्याकडे २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत हाच धोका आहे. बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर असेल, तर नवऱ्याने मारलेल्या बाईला ‘गावाचं नाव राख’ म्हणून परत पाठवण्याचा मोह समितीला होणारच. अंगावरची मारहाण, लैंगिक अत्याचार, डाकीण ठरवणं आणि जातीवरून केलेला हल्ला, हे चार प्रकार समेटाच्या यादीतून कायमचे वगळले पाहिजेत.

तिसरं अपयश खान्देशाने सगळ्यात नीट वाचावं असं. युक्रेनमधल्या मेनोनाइट वसाहती शांतताप्रिय होत्या आणि सधनही. मोठमोठ्या जमिनी त्यांच्या, राबणारे भूमिहीन युक्रेनी शेतकरी. रशियन क्रांतीनंतर अराजक माजलं, तेव्हा १९१८ मध्ये त्यांच्यातल्या तरुणांनी शस्त्रं घेऊन संरक्षक दल काढलं. चारशे वर्षांचं व्रत काही महिन्यांत मोडलं आणि त्यानंतरच्या हल्ल्यांत गावंच्या गावं कापली गेली. हल्लेखोरांचं क्रौर्य त्यामुळे कमी ठरत नाही. पण जमिनीचा प्रश्न न सोडवता पाळलेली अहिंसा संकटात बंदुकीकडेच जाते, हे यातून दिसतं.

शहाद्याच्या मातीत याचं उत्तर अंबरसिंग महाराज या भिल्ल भजनकऱ्याने दिलं. त्यांच्या आधी तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आरतीच्या मेळाव्यांतून आदिवासींना दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला शिकवलं. १९३८ मध्ये ते गेले, पण परंपरा चालू राहिली. पुढच्या पिढीत सर्वोदयातून आलेले अंबरसिंग महाराज भजनाच्या जोडीला सातबारा घेऊन उभे राहिले. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीत जमीनदारांच्या गोळीबारात आदिवासी मारला गेला. त्यानंतर गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचं, मजुरीचं आंदोलन उभं राहिलं. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, बायकांनी दारूचे अड्डे फोडले. इथे आरोपी खराच होता. त्याचं नाव घेतलं गेलं, त्याच्याकडून जमीन मागितली गेली, आणि मुख्य रस्ता मोर्चा, धरणं, कोर्ट हाच राहिला. आरोपी शोधण्याची घाई न करणं आणि खऱ्या आरोपीला न झाकणं, या दोन गोष्टी एकाच माणसाला साधू शकतात, याचा हा पुरावा.

मग आज करायचं काय? नवी संघटना काढायची गरज नाही. खान्देशातल्या गावांत सर्वांत शिस्तीने चालणारी गोष्ट म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर दिवसाला बारा, सप्ताहाला चौऱ्याऐंशी पाळ्या होतात आणि रात्री अडीचलाही वीणेकरी बदलतो. काकडा, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, जागर ठरल्या वेळी. वर्गणी दारोदार गोळा होते, हजार माणसांची पंगत उठते, काल्यापर्यंत हिशेब लागतो. एवढी पाळी लावू शकणाऱ्या गावाला दहा-बारा जणांचं शांतिपथक चालवता येत नाही, हे मला पटत नाही. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना काढली. तिच्यातले नारायण देसाई १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांती पथकाच्या (पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल) स्थापनेत होते. अनेक देशांत निःशस्त्र सोबत देणारे लोक आज जे करतात त्यातलं बरंचसं आपल्याच देशातून गेलेलं आहे.

पथकाचं काम साधं आणि ठरावीक असावं. अफवा आली की पहिल्या तासात खरं-खोटं तपासायचं: पोलीस पाटील, शेजारच्या दोन गावांतले ठरलेले दोघे, पोलीस ठाणे, एवढेच फोन. उत्तर देवळाच्या आणि मशिदीच्या दोन्ही भोंग्यांवरून सांगायचं. भिक्षेकरी, फेरीवाले, मेंढपाळ, बहुरूपी गावात आले की त्यांना आधीच भेटून नाव-गाव विचारायचं आणि एक माणूस सोबत द्यायचा. ओळख झालेल्या माणसावर हात उचलणं जड जातं. जमाव जमलाच तर एकाने ११२ लावायचा आणि तिथून हलायचं. दोघांनी पीडितांकडे पाठ करून मध्ये उभं राहायचं. बाकीच्यांनी जमावातल्या ओळखीच्या माणसांना नावाने, नात्याने हाक मारायची. जमावाला भाषण देऊन उपयोग नसतो, पण ‘अरे रमेशभाऊ’ म्हटलं की तो एक जण क्षणभर रमेश होतो. अफवा खोटी आहे असा वाद तिथे घालायचा नाही, त्याने आवाज चढतो. मोबाइलवर चित्रीकरण करायचं नाही, कॅमेरा दिसला की लोक शौर्य दाखवतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माणसांना बंद खोलीत न्यायचं नाही. खोली सुरक्षित वाटते, पण तिला एकच दार असतं आणि राईनपाड्यात त्याच दाराने घात केला. दोन बाजूंनी बाहेर पडता येईल अशी जागा, चालू स्थितीतली गाडी, शक्य तितक्या लवकर गावाबाहेर.

ही पथकं एकाच पंथाची झाली तर ती सेना होतील, शांतिसेना नव्हे. १९७० साली जळगावात दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. २००८ आणि २०१३ मध्ये धुळ्यात पुन्हा तेच. म्हणून पथकात माळकरी, मुसलमान, आदिवासी, ख्रिस्ती, बौद्ध हवेत, आणि निम्म्या बायका हव्यात, नुसत्या हळदीकुंकवापुरत्या नाहीत. डाकिणीच्या आरोपाची पहिली कुजबुज बायकांच्याच कानावर येते. कीर्तनकाराला बोलावताना अट घालावी, की काल्याच्या दिवशी त्याने कुठल्याही जातीधर्माविरुद्ध एक वाक्य उच्चारलं तर मानधन अर्धं. अट लेखी असावी.

सराव वर्षातून दोनदा लागेल, एकदा गणपतीआधी आणि एकदा सप्ताहाआधी, आणि प्रत्येक वेळी पूर्ण दोन दिवस. खर्चाचा प्रश्न येईल, तर सप्ताहातली एक पंगत कमी करावी. त्यात गाडीचं पेट्रोल, बॅटऱ्या आणि सरावाला येणाऱ्यांची दोन दिवसांची मजुरी निघते. मजुरी द्यावीच लागेल. कापूस वेचणीच्या हंगामात रोज बुडवून फुकट यायला लावलं, तर पथकात फक्त बागायतदारांची मुलं उरतील आणि पाड्यावरचं कुणी येणार नाही.